बिननोंदीचे प्रयोग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते हजेरीपटाबाबत फार काटेकोर होते, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. पोर लागोपाठ काही दिवस शाळेत दिसलं नाही, की गुरुजी त्याच्या पडवीत हजर. आज मी ज्या मुलांविषयी बोलणार आहे, ती आधी हजेरीपटावरून गळतात आणि दवाखान्यात पोचतात ती फार उशिरा. म्हणून सुरुवात गुरुजींच्या नावाने करतो.

विषय आहे लहान मुलांना आणि किशोरवयीनांना होणारा बायपोलर विकार, त्यातली नैराश्याची बाजू आणि तिच्यावर उपचार शोधण्याचं काम. “इतका जड विषय कशाला?” असं मला निमंत्रण देणाऱ्यांपैकी एकाने विचारलं. कारण असं की, उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनारपट्टीवर अशी मुलं आहेत, त्यांना गोळ्या सुरू आहेत, आणि त्या गोळ्यांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते जवळपास सगळं दुसऱ्या देशांतल्या काहीशे मुलांकडून आलेलं आहे. हे मला खटकतं. तुम्हालाही ते खटकावं, अशी माझी इच्छा आहे.

या आजाराला दोन टोकं असतात. एका टोकाला उन्माद. झोप दोन-तीन तासांवर येते तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात मोठमोठे बेत, हातात पैसा टिकत नाही, कुणी अडवलं तर संताप. दुसऱ्या टोकाला नैराश्य. उन्माद सगळ्या गावाला दिसतो. शिमग्यात पालखीबरोबर रात्रभर नाचणारा मुलगा पालखी देवळात परतल्यावरही आठवडाभर झोपला नाही, तर घरचे धावाधाव करतात, शेजारी गोळा होतात, गाडी काढून त्याला डॉक्टरकडे नेतात. नैराश्याला गर्दी जमत नाही. मूल आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेलं असतं आणि बाहेर सगळे म्हणतात, “वयच तसं आहे.”

एका मुलाचं चित्र तुमच्यापुढे ठेवतो. तो कुणी एक मुलगा नाही. बऱ्याच घरांतल्या हकिकती एकत्र करून मी तो उभा केला आहे, म्हणजे कुणाची ओळख पटू नये. घर मासेमारीचं. मुलगा अकरावीत, सायन्सला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत तो दरवर्षी वडिलांबरोबर जाळी दुरुस्त करायला बसायचा. यंदा उठलाच नाही. दिवसाचे चौदा-चौदा तास झोप, ताट तसंच परत, हातातला मोबाईलसुद्धा सुटला. आजी म्हणाली, बाहेरचं काही लागलं असेल. भगताकडून उतारा झाला. काका म्हणाले, आळस अंगात मुरलाय. शेवटी कुणीतरी तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं, नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात पोरगा उठला. घरात पेढे वाटायचे बाकी होते. पण तो आता झोपेनाच. पहाटे तीनला जेट्टीवर जाऊन बसायचा, नवं इंजिन घ्यायचं म्हणून ओळखीच्या चार जणांकडून पैसे उचलले, बापाने हात उगारला तर उलट धावून गेला. मग मांडव्याहून लाँचने मुंबई. तिथे डॉक्टरांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला असं झालं होतं का?” आई-वडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबांचे धाकटे भाऊ काही वर्षं ‘फिरले’ होते, हे त्या क्षणापर्यंत कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

या चित्रात कुणी नालायक नाही. आजी, काका, तालुक्याचे डॉक्टर, सगळ्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे मुलाचं भलंच पाहिलं. अडचण आजाराच्या स्वभावात आहे. बायपोलरची सुरुवात पुष्कळदा नैराश्याने होते आणि ते नैराश्य पाहून ते साधं आहे की बायपोलरचं आहे, हे पहिल्या भेटीत ठामपणे सांगता येत नाही. नुसत्या नैराश्यविरोधी गोळीने अशा काही मुलांचं पारडं उन्मादाकडे झुकतं. घराण्यातला इतिहास, अति झोप, भास, पहिल्या गोळीनंतरची असाधारण तरतरी, या खुणा धरून चालावं लागतं. म्हणून घराण्यातला आजार डॉक्टरांपासून लपवू नका, ही माझी पहिली विनंती मी इथेच करून ठेवतो.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांना बायपोलर ठरवणाऱ्या बाह्यरुग्ण भेटींचं प्रमाण सुमारे चाळीस पटींनी वाढलं. आजार चाळीस पटींनी वाढला नव्हता. सतत चिडचिड करणाऱ्या मुलांवर हा शिक्का बसू लागला होता. पुढे २०१३ मध्ये तिथल्या निदानाच्या पुस्तकात अशा चिडखोरपणासाठी वेगळं निदान घालावं लागलं. तेव्हा प्रत्येक तापट पोर बायपोलर नव्हे, हेही मनात ठेवून पुढचं ऐकावं.

हा आजार मोठ्यांचा, असा आपला समज असतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात प्रौढ रुग्णांना आजार कधी सुरू झाला हे विचारलं, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांनी अठराच्या आतलं वय सांगितलं. पिट्सबर्गच्या बोरिस बिर्माहर यांनी सहकाऱ्यांसह ४१३ मुलांचा सरासरी चार वर्षं पाठपुरावा केला. या मुलांचा सुमारे ६० टक्के काळ कुठल्या ना कुठल्या लक्षणांत गेला, आणि त्यात नैराश्याच्या छटांचा वाटा मोठा होता. अभ्यासात दाखल होतानाच जवळजवळ तीनांतल्या एकाने कधी ना कधी स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केलेला होता. मी हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. शाळा, मैत्री, परीक्षा, सगळं ज्या काळात बुडतं तो काळ नैराश्याचा असतो, जीव धोक्यात येतो तोही प्रामुख्याने त्याच काळात, आणि संशोधनाचा जास्त ओढा मात्र वर्षानुवर्षं उन्मादाकडे राहिला.

उपचारांची गोष्ट १९४९ पासून सुरू करतो, कारण त्या एका वर्षात दोन लेख आले आणि त्यातला एक मुंबईचा होता. मेलबर्नचे जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचे क्षार दिल्याचं प्रसिद्ध केलं. रुग्ण शांत झाले. पण त्यांचा पहिला रुग्ण पुढे लिथियमच्याच विषबाधेने गेला, आणि रक्तातली पातळी मोजत राहिल्याशिवाय हे औषध द्यायचं नाही, हा धडा मेलबर्नमध्येच नंतरच्या दोनेक वर्षांत गिरवला गेला. त्याच १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबावर कशी चालते, याचा अभ्यास ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला. सर्पगंधा आपल्याकडे वेडावरचं मूळ म्हणून पिढ्यान् पिढ्या ओळखीची. तिच्यातून रेसरपिन वेगळं झालं, जगभर वापरलं गेलं, आणि काही वर्षांतच डॉक्टर सांगू लागले की त्याने माणसं उदास होतात. त्या समजुतीवर नैराश्याच्या रसायनाचा एक मोठा सिद्धांत उभा राहिला. मात्र लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी १९५५ मध्ये रेसरपिन आणि नकली गोळी यांची चिंताग्रस्त, उदास रुग्णांवर शेजारी-शेजारी तुलना केली, तेव्हा रेसरपिन घेणाऱ्यांची उदासी कमी झालेली दिसली. हजार डॉक्टरांचा अनुभव एकीकडे आणि एक नीट बेतलेली तुलना दुसरीकडे, असा हा पेच होता.

तुलना म्हणजे काय, हे सांगायला अलिबागबाहेर जायला नको. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने सूक्ष्म मोजमापं बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. बांधकामाला चुंबकाला न ओढणारा पोरबंदरी दगड वापरला. आणि मग त्यांनी कुलाब्याची उपकरणं लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे पृथ्वीचा बदल कुठला आणि जागेचा बदल कुठला, हे वेगळं काढता आलं. औषधाच्या चाचणीत हेच करायचं असतं. काही मुलांना खरं औषध, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कुणाला काय मिळालं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि मुलाला, घरच्यांना, तपासणाऱ्या डॉक्टरलाही ते ठाऊक नसतं. दोन्ही गटांत बरं वाटण्याचं जे समान माप निघतं ते आजाराच्या चढउताराचं, काळजीचं, आशेचं. वर जे उरतं तेवढंच औषधाचं.

आता या मापाने मुलांच्या बायपोलर नैराश्यात काय हाती लागलं ते पाहू. मुलांची उदासी मोजायला एक पट्टी वापरतात. सतरा गोष्टी विचारायच्या, कमीत कमी गुण १७, जास्तीत जास्त ११३. ओलँझापिन आणि फ्लुओक्सेटिन यांच्या जोडगोळीची चाचणी १० ते १७ वयाच्या २५५ मुलांवर झाली, २०१५ मध्ये छापली गेली. आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे गुण २८.४ ने उतरले, निष्क्रिय गोळीवाल्यांचे २३.४ ने. फरक आहे, खरा आहे. पण त्याच आठ आठवड्यांत औषधवाल्या मुलांचं वजन सरासरी ४.४ किलो वाढलं, दुसऱ्या गटाचं अर्धा किलो. पंधरा वर्षांच्या मुलीला दोन महिन्यांत चार किलो म्हणजे काय, हे तिच्या आईला विचारा. गोळ्या गुपचूप खिडकीबाहेर जातात त्या इथून.

दुसरी चाचणी ल्युरासिडोनची. सिनसिनाटीच्या मेलिसा डेलबेलो आणि सहकाऱ्यांनी १० ते १७ वयाच्या ३४७ मुलांवर, सहा आठवडे केली आणि २०१७ मध्ये मांडली. गुण २१ ने उतरले, निष्क्रिय गोळीवर १५.३ ने. लक्षणीय सुधारणा साधारण साठ टक्क्यांत, निष्क्रिय गोळीवर साधारण सदतीस टक्क्यांत. वजनाचा जाच पुष्कळ कमी. या दोन्ही औषधांना अमेरिकेत मुलांच्या बायपोलर नैराश्यासाठी मान्यता मिळाली ती अनुक्रमे २०१३ मध्ये आणि २०१८ मध्ये.

तिसऱ्या औषधाची कहाणी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. क्वेटियापिन मोठ्यांच्या बायपोलर नैराश्यात उत्तम चालतं, हे अनेक चाचण्यांत सिद्ध झालं होतं. मुलांवर दोन चाचण्या झाल्या. २००९ मधली ३२ किशोरांची छोटी, २०१४ मधली १९३ मुलांची मोठी. मोठ्या चाचणीत औषधाने गुण २९.६ ने उतरले. हा आकडा ल्युरासिडोनपेक्षाही मोठा. पण निष्क्रिय गोळीवरच्या मुलांचे गुणही २७.३ ने उतरले. म्हणजे औषधाचं म्हणून काही सिद्ध झालं नाही. तुलनेचा गट नसता, तर आपण सगळ्यांनी त्या २९.६ कडे पाहून टाळ्या वाजवल्या असत्या.

मग त्या निष्क्रिय गोळीवरच्या मुलांना बरं कशाने वाटलं? काही आजार आपल्या चालीने उतरला असेल. पण त्या आठवड्यांत त्यांच्या बाबतीत आणखीही काहीतरी घडत होतं. ठरल्या वेळी कुणीतरी त्यांना भेटत होतं, झोप कशी आहे, भूक कशी आहे, जगावंसं वाटतं का, असं शांतपणे विचारत होतं आणि उत्तर लिहून घेत होतं. आई-वडील सोबत येत होते आणि घरात ओरडणं बहुधा कमी झालं होतं. माझा स्वतःचा ग्रह असा झाला आहे की, मुलांच्या नैराश्यात हा भाग मोठ्यांपेक्षा जास्त काम करतो. आपल्याकडे मात्र गर्दीच्या ओपीडीत एका मुलाच्या वाट्याला मिनिटं येतात मोजकी, त्यात गोळी तेवढी दिली जाते आणि बाकीचं राहून जातं.

लिथियमचं काय? जुनं, स्वस्त, मोठ्यांमध्ये आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणून नावाजलेलं. मुलांमधली त्याची नीट बेतलेली चाचणी २०१५ मध्ये ८१ मुलांवर झाली, पण ती उन्मादासाठी. किशोरांच्या नैराश्यासाठी २००६ मधला २७ मुलांचा छोटा अभ्यास आहे, त्यात तुलनेचा गटच नव्हता. निम्म्याच्या आसपास मुलांना फायदा दिसला. एवढ्यावर आपण थांबलो आहोत.

आणि इथे आपल्या किनाऱ्याचा प्रश्न येतो. मूत्रपिंडं लिथियमला मिठातल्या सोडियमसारखंच वागवतात. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं, की ती सोडियम धरून ठेवतात आणि सोबत लिथियमही. रक्तातली पातळी चढते. एप्रिल-मेच्या उकाड्यात होडीवर दिवसभर घामाघूम झालेलं पोर, जुलाब-उलट्यांचे दोन दिवस, निर्जळी उपास, अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन, यातलं काहीही पातळी धोक्यात नेऊ शकतं. हाताची थरथर वाढली, तोल जाऊ लागला, बोलणं जड झालं, उलट्या सुरू झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. लिथियम घेणाऱ्या प्रत्येक घराने हे पाठ करावं.

आता पुढचं. आपल्या कोळीवाड्यांत पावसाळा पुष्कळसा सुक्या मासळीवर निघतो. सुकट, बोंबील, खारवलेले मासे. म्हणजे मे महिन्यात घामावाटे मीठ जातं आणि जुलैत ताटातून मीठ वाढतं. मग तीच गोळी, तितक्याच मात्रेत घेणाऱ्या मुलाच्या रक्तातली पातळी मे आणि जुलै या दोन महिन्यांत सारखी राहते का? जुलैत ती उतरून नैराश्य परत डोकं वर काढतं का? हा प्रश्न सिनसिनाटीत कुणाला पडणार नाही, पडायचं कारणही नाही. तो पेण-उरणच्या मिठागरांशेजारी आणि रेवदंडा-मुरूडच्या बंदरांवर राहणाऱ्यांनाच पडायला हवा. त्याचं उत्तर शोधायला अवाढव्य पैसा लागत नाही. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतलेलं रक्त, ताटात काय होतं याची नोंद, आणि हे वर्षभर करत राहण्याची चिकाटी लागते.

अशी चिकाटी इथल्या घरांत आहे, हे मी पाहिलं आहे. एका आईने कालनिर्णयच्या पानावर, जिथे आपण दुधाचा हिशेब लिहितो त्या चौकोनांत, मुलीच्या झोपेचे तास लिहून ठेवले होते. खाली छोटी खूण: जेवली की उभी रेघ, नाही जेवली की आडवी. पाळीचे दिवस वेगळ्या शाईने. शाळा बुडाली तिथे चौकोनाचा कोपरा काळा. बाई सातवी शिकलेल्या. त्या पानांवरून दिसलं की उदासीच्या प्रत्येक फेरीआधी चार-पाच दिवस झोप आधी घटत होती आणि मग एकदम वाढत होती. त्या खुणा धरून पुढची फेरी आम्हाला लवकर ओळखता आली. माझ्या केसपेपरमध्ये यातलं काहीच नव्हतं. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या डॉक्टरला ते दिसणारही नाही.

मुलींविषयी आणखी एक. व्हॅल्प्रोएट हे औषध आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. गर्भावस्थेत ते घेतलं गेलं तर बाळाला व्यंग येण्याचा आणि त्याच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका मोठा आहे. ब्रिटनने २०१८ पासून मुली आणि तरुण स्त्रियांच्या बाबतीत त्यावर कडक बंधनं घातली. आपल्याकडे सतराव्या वर्षी सुरू झालेली गोळी लग्नानंतर सासरी कुणाला सांगायची नाही म्हणून तशीच चालू राहते किंवा एका रात्रीत बंद होते. दोन्ही वाईट. मुलीला हे औषध देताना हा विषय उघडपणे बोलला गेलाच पाहिजे.

गोळ्यांपलीकडचं संशोधनही आहे. डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी कुटुंबाला सोबत घेणारा उपचार बेतला. आजाराची माहिती, घरात बोलण्याची रीत, भांडण सोडवण्याची रीत, पुढची फेरी येताना काय करायचं याचा आधीच ठरवलेला बेत. २००८ मध्ये ५८ किशोरांवरच्या अभ्यासात नऊ महिन्यांत २१ बैठका घेतलेल्यांची उदासी लवकर ओसरली. २०१४ मध्ये १४५ किशोरांवर पुन्हा पाहिलं, तेव्हा या लांब उपचारात आणि तीनच बैठकांच्या नीट आखलेल्या सल्ल्यात बरं होण्याच्या वेगाचा ठळक फरक आढळला नाही. काही जण याला अपयश म्हणतात. मला तो आशेचा आकडा वाटतो. म्हसळ्याहून दोन एसटी बदलून येणाऱ्या घराला २१ बैठका अशक्य आहेत. तीन शक्य आहेत. पण आपल्या घरात त्या तीन बैठकांना बसायचं कुणी? आई-वडील की निर्णय घेणारी आजी की पैसे पाठवणारा मुंबईचा काका? हेही आपल्यालाच शोधावं लागेल.

भारतात काय झालं? बंगळूरच्या निम्हान्समध्ये शोभा श्रीनाथ आणि सहकाऱ्यांनी सोळाच्या आत आजार सुरू झालेल्या ३० मुलांचा चार-पाच वर्षं पाठपुरावा करून १९९८ मध्ये तो मांडला. सगळी मुलं पहिल्या फेरीतून बाहेर आली, पण सुमारे दोन तृतीयांश मुलांना आजार पुन्हा झाला, आणि तोही बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. म्हणजे बरं वाटल्यावर उपचार सोडायचा तो काळच सगळ्यात धोक्याचा. एवढी मोलाची गोष्ट ३० मुलांनी आपल्याला शिकवली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बायपोलर असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के उपचाराबाहेर आढळले. ती पाहणी १२ राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता.

किनाऱ्यावर, साध्या आरोग्य केंद्रांत नीट चाचणी होत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला गोव्याकडे बोट दाखवावं. तिथल्या ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ प्रौढांवर चाचणी केली, २०१७ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये आली. सल्ला देणारे डॉक्टर नव्हते. स्थानिक माणसं होती, प्रशिक्षण दिलेली. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर, नेहमीच्या उपचारावर ३९ टक्के. ती माणसं मोठी होती आणि त्यांचा आजार बायपोलर नव्हता, हे खरं. पण चाचणी करण्याचं कसब आपल्याच कोकणी पट्ट्यात आहे, हेही खरं.

“डॉक्टर, आमचं पोर काय प्रयोगाचा उंदीर आहे?” हा प्रश्न मला बापांनी विचारला आहे आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. गरिबांवर न सांगता औषधं तपासली गेल्याचा इतिहास जगात आहे. म्हणूनच नियम आले. चाचणीची नोंद सरकारी नोंदणीपटावर जाहीरपणे व्हावी लागते. नैतिकता समितीची मंजुरी लागते. पालकांची लेखी संमती लागते, आणि वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शनाप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलाला स्वतःलाही विचारावं लागतं. कधीही बाहेर पडता येतं. इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

पण त्या बापांना मी आणखीही एक गोष्ट सांगतो. आज तुमच्या मुलाला जी गोळी मी देतो, ती मोठ्यांच्या अनुभवावरून आणि परदेशी मुलांच्या आकड्यांवरून अंदाज बांधून देतो. फरक पडला तर आनंद, नाही पडला तर बदलतो. हा प्रयोगच आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुलावर तो रोज चालू आहे. फक्त त्याची नोंद होत नाही, म्हणून तुमच्या मुलाने सोसलेल्यातून पुढच्या मुलाला काही मिळत नाही. मुलांना संशोधनापासून दूर ठेवलं की ती सुरक्षित राहतात, असं आपण धरून चालतो. मला ते मान्य नाही.

याचा अर्थ उद्यापासून इथे निष्क्रिय गोळीच्या चाचण्या सुरू कराव्यात, असा मी आग्रह धरत नाही. खोल नैराश्यातल्या मुलाला निष्क्रिय गोळीवर ठेवायचं, तर त्याच्यावर जी नजर ठेवावी लागते ती ठेवण्याची ताकद आधी उभी करावी लागेल. क्रम माझ्या मते असा असावा: आधी नोंदपट, मग वर्षानुवर्षांचा पाठपुरावा, मग तीन बैठकांच्या कौटुंबिक उपचाराची तुलना, आणि औषधांची तुलना त्यानंतर. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. शिवाय खाजगी डॉक्टर आहेत. या सगळ्यांनी एकाच नमुन्यात, नाव झाकून, मुलाचं वय, औषध आणि मात्रा, वजन, लिथियमची पातळी, झोप आणि शाळेतली हजेरी एवढं जरी टिपलं, तरी पाच वर्षांत आपल्याकडे असं काही असेल जे आज देशातल्या फार थोड्या जिल्ह्यांकडे असेल.

पालकांना एवढंच सांगतो: मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास, अलिप्त, झोपेत बुडालेलं किंवा झोप उडालेलं दिसलं, तर वाट पाहू नका. मरणाचं बोलू लागलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि फवारणीची विषं कुलपात ठेवा, त्याच दिवशी मदत मागा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. भगताकडे जायचं असेल तर जा, पण गोळी बंद करून जाऊ नका.

आणि सभागृहात जिल्हा रुग्णालयातली, वैद्यकीय महाविद्यालयातली जी मंडळी बसली आहेत, त्यांना माझी जाहीर विनंती आहे. नोंदपटाचा नमुना ठरवायला बसूया. ज्या घरांनी संमती दिली आहे त्यांच्या नोंदी मी द्यायला तयार आहे, आणि त्या कालनिर्णयच्या पानांची आईने दिलेली प्रत माझ्याजवळ आहे. ती पाहून नमुन्यात कुठले रकाने हवेत, हे आपल्याला पहिल्याच बैठकीत ठरवता येईल.